'कशावरून?' विचारायची सवय कशी लावायची

सत्याचा शोध म्हटलं की लोक एकदम गंभीर चेहरा करतात, डोंगरावर जायचं, डोळे मिटायचे, मग काहीतरी लख्ख दिसणार वगैरे. मला अजून तरी तसं काही दिसलेलं नाही. पण एक शब्द आहे जो लहान पोरं भांडताना सर्रास वापरतात आणि आपण मोठे झाल्यावर फक्त दुसऱ्याला विचारतो, स्वतःला कधीच नाही. कशावरून? या एका शब्दावर बरंच काम होतं, कसं ते सांगतो.

आधी कागद घ्या (मोबाईलवर टाईप करू नका, हाताने लिहिताना थांबायला होतं) आणि तुम्हाला शंभर टक्के खरं वाटणारं एक वाक्य लिहा. फार मोठं नको, "देव आहे की नाही" आत्ता राहू दे. "अमका माझ्यावर जळतो" असलं काहीतरी चालेल. आता त्याच्यासमोर लिहा की हे मला कळलं कशावरून.

उत्तर बहुतेक चारपैकी एक निघतं आणि ही चार खाती काही मी पाडलेली नाहीत, न्यायदर्शनवाल्यांनी (म्हणजे तर्काचा अभ्यास करणाऱ्या जुन्या भारतीय तत्त्वज्ञांनी) केव्हाच पाडून ठेवलीत. स्वतः अनुभवलं ते प्रत्यक्ष, एकावरून दुसरं ताडलं ते अनुमान, साम्यावरून ओळखलं ते उपमान आणि कुणीतरी सांगितलं ते शब्द. याला ते लोक प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायची साधनं, म्हणतात. चार्वाक या जुन्या नास्तिक पंथाचं म्हणणं होतं की प्रत्यक्ष सोडून बाकी काही मानू नका, ऐकायला भारी वाटतं पण तसं जगून बघा, स्वतःची जन्मतारीखसुद्धा सांगता येणार नाही. तिथे तुम्ही होतात खरे, पण तारीख कळली ती ऐकूनच ना!

आता प्रत्येक खात्याची तपासणी वेगळी, आणि इथेच लोक गडबडतात.

"मी स्वतः पाहिलंय" हे सगळ्यात पक्कं वाटतं, पण वाक्य नीट बघा, पाहिलंय म्हणजे आत्ता आठवतंय. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान फुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी उल्रिक नायसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तू कुठे होतास, कुणी सांगितलं. अडीचेक वर्षांनी परत तेच विचारलं तर बऱ्याच जणांच्या आठवणी साफ बदललेल्या, आणि गंमत म्हणजे बदललेल्या आठवणीबद्दलही मुलं छातीठोक होती. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी ती मूळ आठवण काही परत आली नाही. म्हणून जे पुढे वादाचं होऊ शकतं ते त्याच दिवशी दोन ओळींत लिहून ठेवा, तारीख टाकून. आणि जुन्या गोष्टीवरून भांडण झालं तर "मला असं आठवतंय" म्हणा, "असंच झालं होतं" म्हणू नका. एवढ्या बदलाने अर्धा आवाज खाली येतो.

अनुमानाची भानगड मोठी आहे. माझ्या शेजारी बसणारा एक सहकारी माझ्याशी धड बोलायचा नाही, मी काही म्हटलं की गप्प, मग मी ठरवलं की याला माझा राग आहे आणि एकदा ठरवल्यावर पुरावे धडाधड मिळायला लागले, जेवायला निघताना विचारलं नाही, सकाळी बघितलं नाही, हसला ते पण खोटंच वाटलं. चार महिने हे चाललं. शेवटी कळलं की त्याला डाव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नाही आणि माझी खुर्ची त्याच्या डावीकडे. एकदा उजवीकडून जाऊन बोललो असतो तर दोन मिनिटांत कळलं असतं, पण ते सुचलंच नाही, कारण मी फक्त "हो" म्हणणारे पुरावे गोळा करत होतो.

ही खोड एकट्या माझी नाही. १९६० मध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि सांगितलं की यामागे एक नियम आहे, तुम्ही तुमचे तीन आकडे सांगा, मी ते बसतात की नाही एवढंच सांगेन. लोकांनी ८, १०, १२ सांगितलं, बसतं. २०, २२, २४, बसतं. मग ऐटीत जाहीर केलं की दोन-दोनने वाढणारे आकडे. चूक! नियम एवढाच होता की आकडे चढत जायला हवेत. १, २, ३ विचारलं असतं तरी झाकली मूठ उघडली असती. तर कृती अशी, की तुमच्या वाक्याखाली लिहा "काय दिसलं तर मी हे मत सोडेन?" आणि मग मुद्दाम तेच शोधायला जा. काहीच लिहिता आलं नाही तर ते मत तुम्ही तपासलेलं नाही, नुसतं सांभाळलंय.

उपमानाबद्दल फार सांगत नाही. "हा अगदी त्याच्यासारखाच निघाला" असं मनात आलं की कुठे सारखा नाही ते पण बघा, बास.

शब्द मात्र आजकाल सगळ्यात मोठं खातं. न्यायवाले कुणाचाही शब्द घेत नाहीत, आप्ताचा घेतात, आणि आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे तर ज्याला ती गोष्ट खरंच माहीत आहे आणि ती जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे असा माणूस. फॉरवर्ड आलं की हे दोन प्रश्न लावा, माहीत असेल का आणि सरळ सांगेल का. बहुतेक मेसेज पहिल्यालाच गळतात. आणि दहा ग्रुपवर आलं म्हणजे दहा साक्षीदार झाले असं नाही, एकाचीच कॉपी दहादा फिरलेली असते. परत परत ऐकलं की खोटंही खरं वाटायला लागतं, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसलेलं आहे.

अजून एक खोच. तुमचं म्हणणं बरोबर निघालं म्हणजे तुम्हाला ते कळलं होतं असं होत नाही. बर्ट्रांड रसेल या तत्त्वज्ञाचं उदाहरण आहे, बंद पडलेल्या घड्याळात तुम्ही नेमकं अशा क्षणी बघता जेव्हा काटे योग्य जागी असतात, वेळ बरोबर सांगता पण ते ज्ञान म्हणायचं का? त्यामुळे "बघ, मी म्हटलंच होतं" म्हणायच्या आधी पण कशावरून विचारा. त्रास होतो, मान्य आहे.

आता कला. इथे वरची खाती तशीच लावली तर फसाल. झेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ मध्ये शर्यतीच्या घोड्यांचं चित्र काढलं त्यात घोडे चारही पाय पुढेमागे ताणून हवेत आहेत. १८७८ मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो काढले आणि दिसलं की चारही पाय हवेत असतात हे खरं, पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. म्हणजे चित्र खोटं? शिल्पकार रोदँ म्हणायचा की चित्रकारच खरा, फोटो खोटा, कारण प्रत्यक्षात काळ असा थांबत नाही. मला वाटतं दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत, फोटो सांगतो पाय कुठे होते आणि चित्र सांगतं धावणं कसं वाटतं. म्हणून चित्रासमोर किंवा नाटक बघताना "असं घडलं का" विचारू नका, "असं असतं का" विचारा. आणि स्वतः करून बघायचं असेल तर समोरचा कप दहा मिनिटं बघून काढा, चित्रकला येत नसली तर उत्तमच. कपाचं तोंड तुम्ही गोल काढाल, कारण ते गोल आहे हे माहीत आहे, दिसतंय मात्र लंबगोल. माहीत असलेलं दिसणाऱ्यावर कसं चढून बसतं ते एवढं स्वस्तात दुसरीकडे कळत नाही.

माणसामाणसांतल्या वादात जैन तत्त्वज्ञानातला 'स्यात्' हा शब्द वापरा, "एका अर्थी" असं. पण त्याचा अर्थ "प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर" असा लावून लोक मोकळे होतात ते मला पटत नाही. हत्ती चाचपणाऱ्यांपैकी ज्याच्या हातात शेपूट होती त्याला दोरीसारखं लागलं हे खरं, पण हत्ती म्हणजे दोरी हे चूकच. "तू माझं कधीच ऐकत नाहीस" यातलं "मला दुखलं" खरं असतं, "कधीच" बहुधा नसतं, दोन्ही वेगळं करून बोला.

थांबायचं कधी? देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने सगळ्यावर संशय घेतला, पण १६३७ मध्ये त्यानेच लिहून ठेवलंय की घर पाडून बांधताना राहायला दुसरी जागा लागते, म्हणून तोवर रोजचे निर्णय चालू रीतीने घ्यायचे आणि घेतले की डगमगायचं नाही. कपडे कुठले घालायचे यावर कशावरून नको, नातं तोडायच्या आधी नक्की हवं.

मी यासाठी एक छोटी वही ठेवलीय, डावीकडे अंदाज, मध्ये कशावरून, उजवीकडे प्रत्यक्षात काय झालं. गेल्या तीन महिन्यांत चौदा नोंदी, त्यातल्या सात चुकल्या, आणि सातातल्या पाच माणसांबद्दलच्या होत्या.