मोलचं उत्तर जुळेना तेव्हा

भाचीला अकरावीचं रसायनशास्त्र शिकवताना एक गणित अडलं. १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटचं तापवून पूर्ण विघटन केलं, तर एसटीपीला, म्हणजे प्रमाण तापमान आणि दाबाला, कार्बन डायऑक्साइड किती लिटर? तिचं उत्तर २.२४, पुस्तकामागचं २.२७. वैतागून ती सगळं खोडायलाच निघाली.

पायऱ्या तपासल्या. मोल म्हणजे कणांचा ठरावीक संख्येचा गठ्ठा. कॅल्शियम कार्बोनेटच्या एका मोलचं वस्तुमान, म्हणजे मोलर वस्तुमान, १०० ग्रॅम, म्हणून १० ग्रॅमचे ०.१ मोल, एका मोलमागे वायूही एकच मोल. इथवर चोख. भानगड शेवटच्या गुणाकारात होती. पूर्वी एसटीपी म्हणजे ० अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअर दाब, मोलला २२.४ लिटर. १९८२ मध्ये आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने दाब १ बार ठरवला. तो किंचित कमी, म्हणून आकारमान २२.७. दोन्ही आकडे पुस्तकांतून अजून सुखाने नांदतात, आणि भोगतात मुलं! आता ती गणिताच्या डोक्यावर आधी तापमान आणि दाब लिहून ठेवते. २५ अंश आणि १ अ‍ॅटमॉस्फिअर असेल तर २४.५ लिटर धरायचे.

दुसरं म्हणजे, रूपांतर कुठलंही असो, मोलमधूनच. मोल म्हणजे दादर स्टेशन, लाइन बदलायची तर तिथे उतरा. ग्रॅमवरून थेट रेणूंवर उडी नाही. शिवाय रेणू विचारलेत की अणू, हे नीट वाचायचं: ०.१ मोल कार्बन डायऑक्साइडमध्ये रेणू ६.०२२ गुणिले १० चा २२वा घात, ऑक्सिजनचे अणू त्याच्या दुप्पट. आणि २२.४ काय किंवा २२.७ काय, फक्त वायूंना. द्रवरूप पाण्याचा मोल जेमतेम १८ मिलिलिटर भरतो.