वीकेंड हॅकेथॉनला जाताय? लॅपटॉप उघडायच्या आधी चपला घाला

मी पुण्यात अशा एका वीकेंड स्टार्टअप स्पर्धेला गेलो होतो, नंबरबिंबर काही आला नाही, पण धंदा म्हणजे काय ते तिथे थोडंफार कळलं, म्हणून लिहितोय.

आधी फॉरमॅट बघून जा. २००७ साली अमेरिकेत बोल्डरला स्टार्टअप वीकेंड सुरू झालं, ते ५४ तासांचं असतं, आणि आमचंही तसंच होतं. शुक्रवारी संध्याकाळी ६० सेकंदात आयडिया सांगायची, लोक मतं देणार, तिथल्या तिथे टीम जमवायची आणि रविवारी संध्याकाळी जजसमोर ५ मिनिटं पिच, म्हणजे काय केलं ते मांडायचं. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनचं (सरकार कॉलेजच्या पोरांसाठी घेतं ती स्पर्धा) वेगळं असतं, तिथे प्रॉब्लेम सरकारी खात्यांनी नाहीतर कंपन्यांनी दिलेला असतो, ६ जणांची टीम आधीच ठरलेली आणि सॉफ्टवेअरवाल्यांना सलग ३६ तास कोड मारायचा. त्या सवयीची पोरं इकडे आली की आल्या आल्या कोड मारायला बसतात. आम्हीही बसलो.

६० सेकंदात नाव-गाव-कॉलेज सांगत बसू नका, पहिल्याच वाक्यात कोणाला काय त्रास होतोय ते सांगा. आणि टीम करताना चार डेव्हलपर गोळा करू नका. आमच्यात चार होते आणि एक बीकॉमवाली, आणि अब्रू वाचवली ती तिनेच.

आमची आयडिया अशी, की मेसमध्ये रात्री किती पोरं जेवायला येणार ते ॲप आधीच सांगणार, म्हणजे अन्न वाया जायला नको. शुक्रवारी रात्रभर जागून ओटीपीवालं लॉगिन बनवलं (चार तास गेले, आणि कोणी ते बघितलं पण नाही). शनिवारी सकाळी बीकॉमवालीने जबरदस्तीने सदाशिव पेठेत नेलं, एमपीएससीची पोरं जेवतात अशा एका मेसवर. काकू पोळ्या लाटता लाटताच म्हणाल्या, "अरे ते मला कळतंच की, शनिवारी निम्मी गावाला जातात, एकादशीला खिचडी लागते, परीक्षेच्या आदल्या रात्री कोणाला जेवण जात नाही. त्याला ॲप कशाला?" झालं, रात्रभराचं काम पाण्यात.

पण मग त्यांनी फ्रीजवरची वही काढली. पिठाचे हात लागून पानं चिकटलेली, प्रत्येक पोराच्या नावापुढे खाडे. "हा म्हणतो सात खाडे, माझ्याकडे चार लिहिलेत, आता पैसे कोणाच्या हिशोबाने कापू?" खरा त्रास हा होता आणि तो आमच्या स्लाईडवर कुठेच नव्हता.

तर विचारायचं कसं? "असं ॲप आलं तर वापराल का?" हे विचारूच नका, आपली माणसं दारात आलेल्याचं मन मोडत नाहीत, हो हो छान आहे म्हणून मोकळी होतात. मागच्या वेळी असं झालं तेव्हा काय केलंत, किती पैसे बुडाले, हे विचारा. आणि शेवटी लाज सोडून, महिन्याला १०० रुपये द्याल का? आम्ही सात मेस फिरलो, पाच ठिकाणी विषय बदलला, एका काकांनी बघू म्हटलं, आणि या काकूंनी गल्ल्यातून शंभरची नोट काढून दिली. जजनी आमच्या अख्ख्या पिचमध्ये नीट बघितलं असेल तर त्या नोटेच्या फोटोकडे.

बनवायचं कमीत कमी. आम्ही शेवटी गुगल फॉर्म आणि शीट एवढंच ठेवलं, पोराने सकाळी दहाच्या आत खाडा टाकायचा, काकू आणि पोरगा दोघांना तीच शीट दिसते, भांडण संपलं. रविवारी दुपारी दोननंतर कोडला हात लावू नका, आणि डेमोचा व्हिडिओ करून ठेवा, कारण हॉलचं वायफाय ऐन वेळी मान टाकतं.

आम्ही कुठे पडलो ते पण सांगतो. जजने विचारलं, काकू महिन्याला १०० देणार, पण एका काकूपर्यंत पोचायला तुम्हाला किती पडतात? आम्ही गप्प. स्कूटरचं पेट्रोल, एक अख्खी दुपार, दोन माणसं, आणि सातातली एकच पैसे देणार. हा हिशोब आधीच मांडून जा. "पुण्यात इतके लाख विद्यार्थी, एक टक्का मिळाले तरी" वगैरे तर अजिबात नको, ते ऐकून जज चहाकडे बघायला लागतात.

सिंगापूरचं कॅरोसेल (जुन्या वस्तू विकायचं-घ्यायचं ॲप) २०१२ च्या अशाच एका स्टार्टअप वीकेंडमधून निघालं, पण बहुतेक टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप बुधवारपर्यंत थंड पडतो. म्हणून पुढे कोण करणार आणि कोड कोणाचा, हे रविवारी रात्री घरी जायच्या आधीच बोलून घ्या, नंतर अवघड होतं. आमच्यातले तिघे प्लेसमेंटच्या मागे लागले. मी आणि बीकॉमवाली अजूनही तीन मेसची शीट चालवतोय, फॉर्म कोणी उघडत नाही म्हणून आता व्हॉट्सॲपवरच खाडे घेतो, त्यात निम्मी पोरं "खाडा" ऐवजी "खडा" टाईप करतात, ते रोज सकाळी हाताने मोजावं लागतं.