रविवार, दोन छंद आणि लग्नपत्रिकेतली खिडकी

सहा वर्षांपूर्वी माझ्या फोनमध्ये आमच्या इंदूरच्या राजवाड्याचे एकशे चाळीस फोटो होते आणि त्यातला एकही मला आवडत नव्हता. वाडा तोच, ऊन चांगलं, फोन नवा. तरी प्रत्येक फोटोत विजेच्या तारा, कुणाची तरी ॲक्टिव्हा आणि कोपऱ्यात अर्धा कापलेला फुगेवाला. मला वाटलं, दोष फोनचा आहे. ही समजूत पुढे मला बरीच महागात पडली.

मी एका सीएच्या ऑफिसात हिशेब बघते. मार्चमध्ये आणि रिटर्नच्या दिवसांत माणसात नसते. राहतो रामबागेत, घरात नवरा, मुलगा आणि सासूबाई. म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही मोजून-मापून. असाच संसार सांभाळून ज्यांना फोटो काढावेसे किंवा रंगवावंसं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांना यातून पोट भरायचं आहे त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारावं.

पहिली चूक सांगते. ऑफिसातल्या एकाकडून जुना डीएसएलआर घेतला आणि लगेच दोन दिवसांच्या एका वर्कशॉपला फी भरून बसले. पंचवीस जणांनी एका मॉडेलभोवती कोंडाळं केलं, सरांनी सांगितलेल्या आकड्यांवर कॅमेरे लावले आणि सगळ्यांनी एकच फोटो पंचवीस वेळा काढला. घरी येऊन तेच आकडे लावून सासूबाईंचा फोटो काढला तर त्या पार काळ्याठिक्कर. ॲपर्चर (लेन्सचं भोक किती मोठं), शटर (ते किती वेळ उघडं) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती हळवा) हे तीन शब्द शिकायला फी भरावी लागत नाही. एकाच खिडकीशी ठेवलेला एकच पेला सकाळी, दुपारी, संध्याकाळी टिपा आणि दर वेळी एकच आकडा बदला. आठवड्यात हात बसतो. एक गोष्ट मात्र कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं: कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करडं करायची खोड असते. पांढऱ्या भिंतीसमोर तो फोटो मळका करतो, काळ्या लाकडासमोर फिकट. म्हणून पांढरं जास्त असेल तर उजेड एक पायरी वाढवायचा, काळं जास्त असेल तर उतरवायचा. फोनमध्येही बोटाने वर-खाली करता येतं.

रंग घरात आले ते मुलाच्या शाळेमुळे. वर्ष संपलं, कॅमलच्या रंगांची पेटी अर्धी उरली, ती मी टाकायला काढली आणि टाकली नाही. मेमधला रविवार होता. ऊन चढायच्या आत स्कूटर काढून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या दगडी स्मारकांपाशी गेले, वही मांडीवर घेतली आणि बसले. हजारदा त्या रस्त्याने गेलेली बाई मी. पण पेन्सिल टेकवायची वेळ आली तेव्हा कळलं, शिखर कुठे सुरू होतं तेच मला ठाऊक नाही. खांब किती, कमान खांबावर बसते की खांबाच्या पुढे येते, पायऱ्यांची सावली कुठल्या बाजूला पडते, काही म्हणजे काही पाहिलेलं नव्हतं. चाळीस मिनिटांत एक वाकडंतिकडं चित्र झालं. मागे एक पोहेवाले काका चहा पीत उभे होते. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "मैडम, आपका ये खंबा गिरने वाला है." खरंच पडायच्या बेतात होता.

उठताना सहज एक फोटो काढला. तो अजून माझ्या टेबलावर आहे. चित्र काढताना एक तार सारखी मधे येत होती म्हणून मी चार पावलं डावीकडे सरकून बसले होते; फोटोही तिथूनच निघाला. त्यात तार नाही, स्कूटर नाही. एक शिखर, खाली काळोख आणि त्या काळोखात एक कबूतर. गेल्या एकशे चाळीस फोटोंत जे जमलं नाही ते पेन्सिलीने चाळीस मिनिटांत करून दिलं होतं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: आधी पेन्सिल, मग कॅमेरा. कॅमेरा समोरचं सगळं एका क्षणात घेतो, त्याला काही सोडावं लागत नाही. पेन्सिलीला प्रत्येक रेघ ओढायला कष्ट पडतात, म्हणून ती कंजुषी करते. ही कंजुषी डोळ्यात उतरली की फोटो आपोआप सुधारतात. पंधरा मिनिटांचं रेखाटन पुरे. ते चांगलं येणं अजिबात गरजेचं नाही. माझं अजून येत नाही.

यात नवं काही नाही, आमच्या गावात हे दीडशे वर्षांपूर्वी घडून गेलंय. लाला दीनदयाळ इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन होते. नोकरी सांभाळून 1874 च्या सुमारास त्यांनी हौसेने कॅमेरा हातात घेतला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी पाठबळ दिलं, इंदुरात स्टुडिओ निघाला आणि पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांच्या इमारतींच्या फोटोंत उभ्या रेषा कशा सरळ असतात ते नीट बघा. तो हात मला तरी नकाशे काढणाऱ्याचाच वाटतो. काचेच्या प्लेटा आणि अवजड कॅमेरा वाहून न्यायचा असेल तर माणूस कुठे उभं राहायचं ते आधी ठरवतो. आपण खिशातून फोन काढतो आणि ठरवत नाही.

चित्रकलेचा वारसा तर विचारूच नका. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी 1927 मध्ये इथे चित्रशाळा सुरू केली. इंदुरात जन्मलेले चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे तिथलेच, एम. एफ. हुसेनही काही काळ तिथे शिकले. बेंद्रे पुढे बडोद्याला जाऊन शिकवू लागले, त्यामुळे बडोदेकर त्यांच्यावर हक्क सांगतात, सांगू देत. मला स्वतःला जास्त जवळचे वाटतात ते विष्णू चिंचाळकर गुरुजी. वाळकी पानं, काटक्या, फुटकी डबडी, रस्त्यावर पडलेलं काहीही उचलून त्यातला पक्षी किंवा चेहरा ते दाखवायचे. सामान घ्यायला पैसे नाहीत म्हणणाऱ्याने त्यांची आठवण काढावी.

तरी सामानाचं बोलायलाच हवं, कारण नवीन माणूस नेमका उलटा खर्च करतो. भारी रंग घेतो आणि कागद मुलांच्या ड्रॉइंग बुकातला वापरतो. मग पाणी लागलं की कागद पापडासारखा फुगतो, वर बोळे सुटतात आणि माणूस समजतो की आपल्या हातात कला नाही. कला असेल नसेल, कागद नाही हे नक्की. जलरंगासाठी 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) कागद घ्या. मोठा 22 बाय 30 इंचांचा ताव आणून त्याचे आठ तुकडे केले की साडेसात बाय अकराचे कागद होतात आणि वहीपेक्षा स्वस्त पडतं. रंग विद्यार्थ्यांच्या प्रतीचे चालतात. ब्रश दोनच, गोल, सहा आणि दहा नंबरचे, टोक जुळणारे. काळा रंग पेटीत असला तरी विसरून जा. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळली की जो करडा होतो त्यात सावली जिवंत राहते. निळा वाढवला तर थंड, सिएना वाढवली तर उबदार. छत्र्यांचा जुना दगड मला याच दोन रंगांत सापडला. आणि पांढरा म्हणजे कोरा कागद, तो आधीच राखून ठेवायचा. एकदा रंगला की गेला.

हवामानाची एक गंमत आहे. मेमध्ये इंदुरात जलरंग ब्रश उचलायच्या आत सुकतो, कडा करकरीत उमटतात. कागद आधी ओला करून घ्यावा लागतो. श्रावणात उलट, एक थर वाळेपर्यंत दोन चहा होतात. पावसाळा कॅमेऱ्याला तर जास्तच वाईट. मी पहिला पूर्ण पावसाळा कॅमेरा चामडी पिशवीत घालून कपाटात ठेवला आणि दिवाळीत काढला तर लेन्समध्ये कोळिष्टकासारखी बुरशी. साफ करायला जे पैसे गेले त्यात वर्षभराचे कागद आले असते. आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते आणि दर आठवड्याला बाहेर काढून वापरते. कॅमेरा वापरात राहिला की निम्मी काळजी मिटते.

आता शीर्षकातली लग्नपत्रिका. घरात जाड पत्रिका पडून असतातच. तिच्या मधोमध सहा बाय चार सेंटिमीटरची खिडकी कापा. कॅमेऱ्याच्या फोटोचं मापही तीनास दोनच असतं, त्यामुळे ते जुळतं. एक डोळा मिटून, पत्रिका जवळ-लांब करत त्यातून बघायचं. काय आत येतं, काय बाहेर राहतं ते पटकन ठरतं. लोक हसतात. सराफ्यात एकाने विचारलं होतं की न्योता किसका है.

सराफा म्हणाल तर तो रात्रीचा वर्ग आहे. दिवसा सोन्याची दुकानं, ती मिटली की त्यांच्याच पुढ्यात खाण्याच्या गाड्या. थंडीत गराडूवाल्याच्या (गराडू म्हणजे तळलेला कंद) कढईपाशी उभं राहा, पण खायला नव्हे. दिवा कढईच्या पलीकडे आणि आपण अलीकडे असलो तर वाफ उजळते, माणूस सावलीत जातो आणि हात तेवढा दिसतो. दिव्याच्या बाजूने उभे राहिलात तर वाफ नाहीशी. हे मला कॅमेऱ्याने शिकवलं, मग चित्रात आलं: वाफ रंगवायची नसते, तिच्यामागचा अंधार रंगवायचा असतो. आकडे हवेच असतील तर 50 एमएमची एफ 1.8 लेन्स, शटर 1/100 सेकंदाच्या आसपास, आयएसओ 1600 ते 3200. थोडे दाणे येतील, येऊ द्या. फ्लॅश नको, वाफ पांढरी भिंत होते आणि गराडूवाले भिया चिडतात. त्यांना आधी विचारावं, नंतर फोटो पाठवावा. मी पाठवते, म्हणून आता दिवा थोडा सरकवूनही देतात.

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, कॅमेरा नेऊ नका. गुलालाची पूड लेन्सच्या कड्यांत शिरते आणि टँकरचं पाणी कुणाला सोडत नाही. ओळखीच्या कुणाची गच्ची असेल तर तिथून, नाहीतर जुना फोन प्लास्टिकच्या पिशवीत. पक्ष्यांची आवड असेल तर थंडीत सिरपूर तलाव आहे. 2022 मध्ये त्याला पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत जागा मिळाली. पक्ष्यांना मोठी लेन्स लागते, माझ्याकडे नाही, म्हणून मी तिथे पाण्याचे रंगच काढत बसते.

एक मतभेदाचा मुद्दा. पुष्कळजण फोटो समोर ठेवून चित्र काढतात. सुरुवातीला मीही काढलं आणि माझी चित्रं मेलेली दिसायची. फोटोत सावली काळी होते. प्रत्यक्षात तिच्यात निळं असतं, जमिनीवरून उसळलेला पिवळा असतो. म्हणून जागेवरच रेखाटनाच्या कडेला शब्दांत लिहून ठेवते, "सावली जांभळट", "आकाश वरून गडद", "कमानीत चुलीसारखा उजेड". घरी रंगवताना ती टिपणं आणि रेखाटन. फोटो फक्त जाळी कशी होती, कंगोरे कसे होते एवढं विचारायला. ज्यांना फोटोवरून उत्तम जमतं त्यांच्याशी भांडण नाही.

वेळेचं विचाराल तर रविवारी सहा ते नऊ, बाकी आठवडा काही नाही. पहिले काही महिने घरात कुरबुर झाली. सासूबाई विचारायच्या, "अगं, रविवारी सकाळी देवपूजा सोडून कुठे निघालीस भटकायला?" मग एकदा त्यांनाच स्कूटरवर मागे बसवून राजवाड्यासमोरच्या बागेत नेलं, येताना पोहे-जिलेबी. आता त्या स्वतःच तयार होऊन बसतात. त्यांना 1984 ची आग आठवते, कुठल्या भागातून धूर येत होता ते हात करून दाखवतात. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडी, हेही मला त्यांनीच सांगितलं.

मागच्या महिन्यात राजवाड्याचं चित्र चौथ्यांदा पुरं केलं. या वेळी खांब सरळ होते, सावल्या निळ्या होत्या, आकाशही जमलं होतं. फ्रिजवर लावलं. सासूबाई चष्मा पुसून जवळ गेल्या, बोट ठेवत ठेवत खालून वर गेल्या आणि म्हणाल्या, "एक मजला कुठे गेला गं?"

मोजले. सहाच भरले.