"आमची अक्का अशी नव्हती": वृद्धांच्या केसेस घेणाऱ्या नव्या मानसशास्त्रज्ञांसाठी

व्यक्तिमत्त्व विकारांचे क्लस्टर ए, बी, सी हे तीन गट तुम्हाला पाठ असणारच. मी जिथे चुकले तेवढंच सविस्तर सांगते.

एम.फिल.च्या दुसऱ्या वर्षी ६८ वर्षांच्या एक आजी ओपीडीत आल्या. सून सांगत होती: पाहुण्यांसमोर वाट्टेल ते बोलतात, नातू तापाने फणफणला तरी ढिम्म, पेढ्यांचा डबा एका रात्रीत संपवतात. एमएमएसई या स्मृती-भान तपासणाऱ्या छोट्या चाचणीत ३० पैकी २७. स्मरणशक्ती शाबूत, म्हणजे डिमेन्शिया नाही, असं धरून मी व्यक्तिमत्त्व विकार लिहिला. महिन्याभराने गावाहून त्यांचे धाकटे भाऊ आले. डोळे पुसत म्हणाले, "ताई, आमची अक्का अशी नव्हती हो. आळीतल्या किती बाळंतिणींचं हिने केलंय." एमआरआयमध्ये मेंदूचा पुढचा भाग आक्रसलेला निघाला. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे आठवणीच्या आधी स्वभाव बदलवू शकणारा डिमेन्शिया. तोवर माझ्या कागदाच्या भरवशावर घरच्यांनी आजींशी अबोला धरला होता. ते अजून सलतं.

नीट ऐका. व्यक्तिमत्त्व विकाराची मुळं तारुण्यात सापडायला हवीत, २०१३च्या डीएसएम-५ या अमेरिकन निदान-पुस्तिकेची अटच आहे ती. साठीनंतर स्वभाव नव्याने पालटला, तर आधी मेंदू, थायरॉइड, बी-१२, नैराश्य, दारू, नवी औषधं बघा. कानही तपासा, ऐकू न येणारा माणूस संशयी होतो. एमएमएसईचा भर स्मृती, भाषा, स्थळकाळाचं भान यांवर. मेंदूच्या पुढच्या भागातला (फ्रंटल) बिघाड सुरुवातीला त्यातून सहज निसटतो. आणि सुनेला विचारून भागत नाही. तिचं लग्न होऊन सहाच वर्षं झाली होती! भावंडं, जुनी शेजारीण, नोकरीतला सोबती गाठा. "तिशीत कशा होत्या? भांडण झालं की काय करायच्या?" हे विचारा.

उलटंही घडतं. जन्मभर संशयी असलेल्या आजोबांना बायको सांभाळून घेते. ती गेली की घरच्यांना वाटतं, हे नवीनच सुरू झालं.

प्रश्नावलीच्या शॉर्टकटवर माझा विश्वास नाही. नोकरी, प्रेमसंबंध यांवरचे प्रश्न ७५ वर्षांच्या विधवेला काय लागू पडणार? २०२२पासून लागू झालेलं आयसीडी-११, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण, विकाराच्या प्रकारांपेक्षा तीव्रतेला महत्त्व देतं, मला ते जास्त उपयोगी वाटतं. केस पेपर लिहून घेणाऱ्या सिनियरपेक्षा हिस्टरी घेताना शेजारी बसू देणारा सिनियर शोधा.

उपचारांना घाबरू नका, वय झाल्यावर माणूस बदलू शकत नाही, हे खोटं आहे. स्कीमा थेरपी (लहानपणापासून रुजलेल्या समजुतींवर काम), डीबीटी (भावना आवरायची कौशल्यं शिकवणारी थेरपी) वृद्धांनाही करता येते, फक्त सावकाश. व्यक्तिमत्त्व विकार बरा करणारी गोळी मात्र नाही. झोपेच्या गोळ्यांनी म्हातारी माणसं पडतात, हाडं मोडतात. डिमेन्शियात अँटिसायकोटिकमुळे (भास-भ्रमांवरच्या औषधांमुळे) मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००५मध्येच तसा इशारा दिलाय. जेवण, पैसे, औषधं यांवरचे रोजचे खटके कमी झाले तरी घर श्वास घेतं.

माझ्या केस पेपरवर आता नावाखाली लगेच एक रकाना असतो: माहिती देणारी व्यक्ती पेशंटला किती वर्षांपासून ओळखते.