पोर्च फोडण्याआधी उंबरा मोजा

पोर्चच्या फरशीपासून उंबऱ्याच्या वरच्या कडेपर्यंत किती इंच उरलेत ते टेप लावून बघा आणि भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवा. आमचं घर बांधलं तेव्हा पाच इंच होते. मग कोबा उखडला म्हणून त्यावरच दोन इंच माल पडला, पुढं कधीतरी फरशी बसली. राहिला दीड इंच, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. एका जुलैत रात्री पाणी सरळ सोप्यात आलं, तेव्हा आलं. म्हणून मिस्त्री आल्याआल्या "जुन्यावरच थर मारू, फोडायचा खर्च वाचंल" म्हणाला, की त्याला भिंतीवरचा आकडा दाखवायचा.

त्याच टेपनं ढाळाचाही हिशेब करून टाका. पाणी घरापासून लांब पळायला दहा फुटांच्या पोर्चला सव्वा ते अडीच इंच उतार लागतो. एवढा उतार उंबऱ्याखाली बसतोय का, की बसवायला जुनं काढावंच लागणार, हे कागदावरच कळतं. गच्चीची पन्हाळी पोर्चवरच ओतत असेल तर ती आधी गटारापर्यंत न्या. ते न करता खाली कितीही सिमेंट घाला, तिसऱ्या पावसाळ्यात परत तेच.

मग एक दुपार मोकळी ठेवा, हातोडी आणि खडू घ्या. इंचाइंचावर हलकं ठोकत जायचं. चांगलं काँक्रीट ठणकतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द जागेभोवती खडूनं गोल करा. निम्म्याहून जास्त पोर्च खडूनं भरला तर डागडुजीचा विचार सोडा, सगळं काढा. कोल्हापूर-सांगलीकडच्या 2019 किंवा 2021 च्या महापुरात दारात पाणी उभं राहिलं असेल तर कडेचा भाग जास्त बारकाईनं ठोका, खालची भर वाहून गेलेली असू शकते.

भेगांची घाई करू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी घराखाली काळी माती आहे. ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि वरचा कोबा तिच्यासोबत हलतो. रेघेच्या पुढं भेग सरकली तर नुसती भरून उपयोग नाही. तेवढी माती काढून मुरूम आणि दगडी सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, घालावं लागेल, धुम्मस मारून, पाणी मारून. भेगेतून तांबूस ओघळ येत असेल तर आत लोखंड गंजलंय. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीट ढकलून फोडते. तिथं सळीच्या मागपर्यंत छिन्नी चालवायची, तारेच्या ब्रशनं सळी चकचकीत करायची, गंजरोधक लावायचं, मगच माल. हाच ओघळ पोर्चच्या डोक्यावरच्या स्लॅबखाली किंवा पिलरवर दिसला तर मिस्त्रीला नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

काम दिवाळी झाल्यावर धरा, होळीच्या आत संपवा. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला आमचा मिस्त्री आणि त्याची सगळी माणसं एकदमच गायब होतात, आणि ती परत येईस्तोवर वळीव डोक्यावर असतो.

सिमेंटच्या पोत्यावर तारीख बघून घ्या, तीन महिन्यांवरचं नको. क्रश सँड मुठीत चोळा, हाताला पिठासारखी भुकटी जास्त चिकटली तर परत पाठवा. एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी हे प्रमाण आणि 50 किलोच्या पोत्याला जास्तीत जास्त 30 लिटर पाणी, हे आधीच ठरवा. पसरायला सोपं जावं म्हणून बिगारी पाणी वाढवतोच. बादली मोजायला घरातलं माणूस उभं करा, तो दिवस भांडणाचा आहे हे धरून चाला.

पाणी मारायची सोयही आधीच करा. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ओपीसीला, म्हणजे साध्या सिमेंटला, किमान 7 दिवस, पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, 10. पोत्यावर कोणतं लिहिलंय ते वाचा, हल्ली बहुतेक पीपीसीच असतं. बारदानं गोळा करून ठेवा, म्हणजे ऊन कडक असलं तरी ओल टिकते. चारचाकी 28 दिवस बाहेर राहील, तेव्हा शेजाऱ्यांना आताच विचारून ठेवा.

फरशी घेताना चकाकी बघू नका. आमची गुळगुळीत होती, तिच्यावर रांगोळी फार छान उठायची. ओल्या चपलेनं आबा त्याच फरशीवर आपटले. आता खरखरीत शहाबादी आहे. भिंत आणि कोब्यामधली फट सिमेंटनं बुजवू नका, लवचिक सीलंट भरा. इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार असेल तर माल पडायच्या आधी चार्जिंगच्या वायरीसाठी एक रिकामा पाइप टाका.

शेवटचा हप्ता मात्र खिशात ठेवा. मिस्त्रीच्या देखत उंबऱ्याजवळ बादलीभर पाणी ओता आणि ते कुठं जातंय ते दोघांनी मिळून बघा.