तुरुंगातल्या व्यसनमुक्ती टीममधले माझे १०० दिवस

इंग्लंडमध्ये सोशल वर्कचं एमए करताना दोन प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे अनुभव, कराव्या लागतात, पहिली ७० दिवसांची आणि दुसरी १०० दिवसांची. माझी दुसरी प्लेसमेंट पुरुषांच्या एका तुरुंगात, व्यसनमुक्तीच्या टीममध्ये झाली. यंदा तिकडे निघालेल्या काही मुलींनी त्याबद्दल विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी कागदपत्रं. तुरुंगात पाऊल टाकण्यापूर्वी सुरक्षा पडताळणी होते आणि तिला अनेक आठवडे लागू शकतात. मागची काही वर्षं कुठे कुठे राहिलात, हे तारखांसकट लिहून द्यावं लागतं. भारतातून निघण्याआधीच पासपोर्ट कार्यालयातून पीसीसी, म्हणजे नावावर गुन्हा नसल्याचा पोलिसी दाखला, काढून ठेवा, परदेशात बसून ते मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. प्लेसमेंटचे पैसे मिळत नाहीत आणि तुरुंग बहुधा गावाबाहेर असतात, त्यामुळे बसचं भाडंही हिशेबात धरा.

पहिला आठवडा किल्ल्यांचा. किल्ल्या पट्ट्याला साखळीने अडकवलेल्या असतात. प्रत्येक दार मागे बंद करायचं, मग ओढून पाहायचं. मोबाइल फाटकावरच्या लॉकरमध्ये ठेवायचा, परवानगीशिवाय तो आत नेणं हा गुन्हा आहे. आतली माणसं तुम्हाला ‘मिस’ म्हणतील. ‘मिस, एवढं पत्र बाहेर टाका ना’ असं कुणी कितीही काकुळतीने म्हणालं तरी नाही म्हणायचं आणि ते त्याच दिवशी वरिष्ठांना सांगायचं. पहिल्या भेटीतच स्पष्ट करायचं की बोलणं खासगी राहील, पण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा तुरुंगाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल, तर मला सांगावंच लागेल.

सकाळी औषधाच्या खिडकीपाशी रांग लागते. हेरॉइनची सवय असलेल्यांना त्याऐवजी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हे पर्यायी औषध देतात. मेथाडोन नर्ससमोर प्यायचं, वर पाणी प्यायचं, दोन शब्द बोलून दाखवायचे, म्हणजे तोंडात धरून नंतर दुसऱ्याला विकता येत नाही. ही रांग पाहून मला सुरुवातीला राग यायचा. पुण्यात मुक्तांगणबद्दल ऐकत मी मोठी झाले. व्यसनमुक्ती म्हणजे सगळं सोडणं, हेच डोक्यात पक्कं होतं. एक व्यसन सोडवायला दुसरं का द्यायचं, असं मी माझ्या मार्गदर्शक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मेलेल्या माणसाला व्यसनातून बाहेर काढता येत नाही.” त्यानंतर मी वाचत गेले. ठरलेल्या मात्रेत, रोज एकाच वेळी मिळणाऱ्या औषधाने माणूस स्थिर होतो आणि ओव्हरडोसने मरण्याचा धोका कमी होतो, हे अनेक अभ्यासांतून दिसलेलं आहे. काहींना हळूहळू औषधही सोडायचं असतं, काहींना नार्कोटिक्स अॅनॉनिमससारख्या बारा पायऱ्यांच्या गटात आधार सापडतो. तुम्ही आपली वाट त्यांच्यावर लादू नका.

स्पाइसबद्दल मात्र मला काहीच माहीत नव्हतं. हे गांजासारखा परिणाम करण्यासाठी बनवलेलं कृत्रिम रसायन कागदावर शिंपडून आत येतं. म्हणूनच कित्येक तुरुंगांत कैद्याला मूळ पत्राऐवजी त्याची झेरॉक्स देतात. वायरलेसवर ‘कोड ब्लू’ ऐकू आलं की कुणीतरी बेशुद्ध आहे किंवा कुणाचा तरी श्वास अडकलाय असं समजायचं आणि वाट मोकळी करायची.

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘उद्या येते’ असं एकाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कर्मचारी कमी होते, सगळे कैदी कोठडीत बंद, मला विंगवर जाताच आलं नाही. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. आयुष्यभर शब्द मोडणारीच माणसं भेटलेल्याला एक ‘उद्या’ फार महाग पडतो. ‘जमलं तर बुधवारी, नाहीतर दाराखालून चिठ्ठी सरकवीन’ असं मी पुढे म्हणायला लागले आणि ते पाळलं.

पण खरं काम आहे सुटकेचं, आणि त्याची तयारी महिनाभर आधी सुरू करायला हवी. आत असताना शरीराची सवय मोडते. बाहेर पडून पूर्वीइतकंच हेरॉइन घेतलं तर तोच डोस जीव घेतो. पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. म्हणून बाहेरच्या टीमकडे औषधाची चिठ्ठी आधीच पोचलेली हवी, भेटीची वेळ ठरलेली हवी. शुक्रवारी सुटलेला माणूस शनिवार-रविवारच्या बंद दारांपुढे उभा राहतो, म्हणून २०२३च्या कायद्याने अशांना दोन कामाचे दिवस आधीपर्यंत सोडता येतं. सोबत नॅलोक्सोन देतात. हेरॉइनचा ओव्हरडोस उतरवणारं हे औषध बेशुद्ध माणूस स्वतःला देऊ शकत नाही, तेव्हा ते घरच्यांना आणि मित्रांनाही शिकवा. त्याचा असर लवकर ओसरतो, म्हणून ॲम्ब्युलन्ससाठी ९९९ला फोन करायचाच.

चाळिशीतल्या एकाला मी सुटकेच्या आदल्या दिवशी सगळं नीट लिहून दिलं: बस, औषधाचं दुकान, वेळ. त्याने कागद उलटा धरला. तीन महिने तो चष्मा हरवल्याचं सांगून माझ्याकडून प्रत्येक फॉर्म वाचून घेत होता आणि माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. मी खाली बसले. आम्ही दोघांनी मिळून नकाशा काढला. स्टेशन, चर्च, पूल, उजव्या हाताला हिरव्या क्रॉसचं दुकान. दुकानाशेजारी त्याने घड्याळ काढलं, काटे दोनवर. मग कागदाची घडी घालून ती नॅलोक्सोनच्या पिवळ्या डबीला रबराने बांधली.