आकाशदर्शनाला नवी खरेदी नेताय? ती अशी दाखवा

हिवाळ्यात अमावास्येच्या आसपासचा शनिवार आला की आकाशदर्शनवाल्यांची पावलं घरात ठरत नाहीत. मुंबईची मंडळी वांगणी गाठतात, पुण्याची भोर किंवा मुळशीकडे निघतात. अशा वेळी कुणाच्या ना कुणाच्या पिशवीत काहीतरी नवं असतंच. कधी आयपीस (दुर्बिणीत डोळा लावतो ते भिंग), कधी बायनॉक्युलर, कधी ताऱ्यांचा नकाशा, तर कधी साधी लाल बॅटरी. ती वस्तू सगळ्यांना दाखवायची हौस असते आणि ती असावीच. पण नीट दाखवली, तर बघणाऱ्याचे पैसे चुकीच्या ठिकाणी जाण्यापासून वाचतात.

माझे तसे गेले होते. पहिली दुर्बीण ६० मिलिमीटर व्यासाची घेतली. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५२५ पट’ छापलं होतं आणि मी त्या आकड्यावर भाळलो. खरं तर दुर्बिणीच्या व्यासाचे जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट इतकाच विस्तार कामाचा असतो, म्हणजे माझ्या बाबतीत १२० पट. त्यापुढे प्रतिमा नुसती फुगते आणि धूसर होते. हे दोन वाक्यांत सांगणारं तेव्हा जवळ कुणी नव्हतं.

आधी स्वतः वापरा. खोकं उघडल्या दिवशीच वस्तू घेऊन जाऊ नका. दोन-तीन रात्री गच्चीवर घालवा आणि वहीत चार ओळी लिहा. उदाहरणार्थ: ‘१० मिमी आयपीस, १२०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण, १२० पट. शनीची कडी स्वच्छ. चष्मा लावून मात्र दृश्याचा पूर्ण गोल दिसत नाही.’ ‘एकदम भारी आहे’ ऐकून कुणाच्या हाती काही लागत नाही, या नोंदीतून लागतं. दुर्बिणीचा उल्लेख तर हवाच. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (मुख्य भिंग किंवा आरशापासून प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतच्या अंतराला) आयपीसच्या मिलिमीटरने भागलं की विस्तार मिळतो. त्यामुळे तुमच्याकडे १२० पट देणारा आयपीस ७०० मिमीच्या दुर्बिणीला लावला की ७० पटच देतो. हे न सांगितल्यामुळे कितीतरी जण दुसऱ्याचं बघून घेतात आणि मग हिरमुसतात.

मांडणी उजेडात करा. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पाचला पोहोचलात तर सतरंजी अंथरून सगळं निवांत दाखवता येतं. काळोख पडल्यावर डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ‘हे बघ’ म्हणून कुणी मोबाईलचा दिवा लावला, की सगळ्यांची ती कमाई एका क्षणात जाते.

उजेडात दाखवताना एक गोष्ट जिवापाड सांभाळा: सूर्य पाठीशी ठेवूनच बसा. नवी बायनॉक्युलर हातात आलेलं मूल ती हमखास वर वळवतं आणि सूर्याकडे क्षणभर जरी रोखली गेली तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. दूरचं झाड किंवा डोंगराची धार बघायला सांगा. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायची काळी ‘सूर्यकाच’ मिळते. ती कुणी कौतुकाने काढली तर वापरू देऊ नका, टाकून द्यायला सांगा. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते आणि मागे डोळा असतो.

किंमत पूर्ण सांगा. टपालखर्च धरून सांगा, जुनी घेतली असेल तर तसं, आणि खोट असेल तर तीही. फोकसचं चाक घट्ट फिरतं का, झाकण सैल आहे का, तिवई वाऱ्यात थरथरते का, हे वापरलेल्या माणसालाच ठाऊक असतं.

हातात द्या. पट्टा आधी गळ्यात, मग बायनॉक्युलर हातात, हा नियम लहानथोर सगळ्यांना. चष्मेवाल्यांना आवर्जून बघू द्या, त्यांचा अनुभव वेगळा असतो. काचेवर बोट उमटलं तर शर्टाच्या टोकाने पुसायची घाई नको. आधी हवा मारायच्या रबरी फुग्याने धूळ उडवा.

पुस्तक किंवा नकाशा असेल तर अक्षांश तपासा. आमच्यात एकाने परदेशातून सुरेख फिरता नक्षत्रनकाशा आणला. कागद उत्तम, छपाई उत्तम. पण त्यात अगस्त्य तारा काही सापडेना. नकाशा ५० अंश उत्तरेसाठी बनवलेला होता आणि तिथे अगस्त्य क्षितिजावर येतच नाही. पुण्याहून तोच तारा हिवाळ्यात दक्षिणेला साधारण १९ अंश वर चढतो. म्हणून नकाशा दाखवताना तो कोणत्या अक्षांशाचा आहे ते आधी वाचून दाखवा.

स्वस्त वस्तूला लाजू नका. माझ्या मते सगळ्यात मोलाची खरेदी स्टेशनरीच्या दुकानातला लाल जिलेटिन कागद, कारण मंद लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत. बॅटरीच्या तोंडावर त्याचे दोन थर ठेवून वरून रबरबँड लावा. उजेड अजून गुलाबी वाटला तर तिसरा थर. नकाशातली अक्षरं जेमतेम वाचता यावीत आणि शेजाऱ्याला त्रास होऊ नये, इतका मंद हवा. हे करून दाखवलंत की पुढच्या वेळी दहा बॅटऱ्या लाल झालेल्या दिसतात.

रात्री जोडीने तुलना करा. एकाच वेळी, एकाच गोष्टीवर. १०×५० आणि २०×५० (पहिला आकडा किती पट, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये) या दोन बायनॉक्युलरमधून कृत्तिका हा तारकापुंज पाहायला लावा. पहिलीत सगळा पुंजका ऐसपैस मावतो आणि हातही स्थिर राहतो. दुसरीत हाताचा कंप दुप्पट होतो, तारे नाचायला लागतात. मग तिवईशिवाय २० पट का घेऊ नये, हे समजवावं लागत नाही.

उसनी देणार असाल तर वस्तूवर कागदी टेपने नाव चिकटवा, वहीत लिहा आणि परतीची अमावास्या तिथेच ठरवा. देताना घेणाऱ्याला एवढं सांगाच: पहाटे दव पडलेली असताना ती तशीच पेटीत बंद करायची नाही. घरी नेऊन उघडी ठेवून वाळू द्यायची, मग ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकून झाकण लावायचं. नाहीतर आतल्या काचेवर बुरशी धरते.